चिखलाचा इतिहास

काही वर्षांपूर्वी आमच्या खाडीकाठच्या गावात कांदळाची रोपे लावण्याचा मोठा समारंभ झाला. ओहोटीने उघडा पडलेला चिखल पाहून आम्ही रांगेने रोपे खोचली. एक म्हातारा कोळी तेवढा बांधावर उभा राहून म्हणाला, "इथं कधी रान होतं काय रे?" आम्ही हसलो. वर्षाच्या आत एकही रोप उरले नाही.

पुढे वाचनात आले, की २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेतही हेच घडले. हजार-बाराशे हेक्टरांत लागवड झाली. रान उभे राहिले ते जेमतेम दोनशे-सव्वादोनशे हेक्टरांत. म्हाताऱ्याचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता!

त्याचे उत्तर आज आकाशातून मिळते. १९७२ साली अमेरिकेचा लँडसॅट आणि १९८८ साली आपला आय. आर. एस.-१ ए हे उपग्रह पृथ्वीची चित्रे घेऊ लागले. हिरवे पान सूर्याचे काही अदृश्य किरण जोराने परत फेकते. उपग्रहाला ते दिसतात, आणि चित्रात ते तांबडे दाखवण्याची रीत आहे. म्हणून खारफुटी तांबडी दिसते, पाणी काळे, चिखल निळसर राखी. जुनी-नवी चित्रे शेजारी मांडावीत. जिथे तांबडे जाऊन राखी आले, तिथे रान होते व गेले; लागवडीचा विचार तिथे करावा. जे सदाच राखी, ते बहुधा इतके सखल असते की भरतीचे पाणी रोपाला श्वास घेऊ देत नाही.

पण रान का गेले, हे चित्र सांगत नाही. तमिळनाडूत चिदंबरमजवळ पिचावरमला १९११ पासून सरकारी जंगलखाते खारफुटीचे पट्टेच्या पट्टे साफ तोडीत असे. उघडी जमीन उन्हाने सुकली, खचली, बशीसारखी झाली. भरतीचे पाणी तीत कोंडून आटे आणि मीठ मागे ठेवी. गेल्या शतकाच्या अखेरीस स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठान, वनखाते व गावकरी यांनी आधी माशाच्या काट्यासारखे चर खणले, पाणी खेळते केले, मग रोपे लावली. १९८६ व २००२ च्या उपग्रहचित्रांची तुलना केली, तेव्हा रान सुमारे नव्वद टक्क्यांनी वाढलेले आढळले.

परवा मी आमच्या खाडीची जुनी चित्रे पाहिली. आमची समारंभाची जागा प्रत्येक साली राखीच होती. तांबडे पुसले गेले होते ते बांधाच्या आत, जिथे भरती अडवली गेली तिथे. तिथे रोपांआधी बांधाची उघाडी मोकळी करावी लागेल, आणि त्या जमिनीला मालक आहेत. समारंभाइतके ते सोपे नाही.

म्हातारा आता नाही. त्याला जे ठाऊक होते, ते आम्ही त्याच दिवशी विचारून घ्यायला हवे होते.