नवी भाषा किती आली, हे स्वतःचं स्वतः कसं तपासायचं?

तीन महिने झाले, ॲपवरचा रोजचा धडा एकदाही चुकलेला नाही. तरीही लोणंद स्टेशनवर कुणी दोन वाक्यं मराठीत विचारली की तोंड उघडत नाही. औद्योगिक वसाहतीत कामाला आलेला एखादा हिंदीभाषक असो की लग्नानंतर कर्नाटकातून आलेली सून, इथवर आल्यावर 'आपल्याला काही जमत नाही' म्हणून बरेच जण शिकणं सोडतात.

ॲपवरची सलग दिवसांची साखळी ही हजेरी असते. भाषा किती आली हे तिच्यावरून कळत नाही.

मधेच प्रगती थांबल्यासारखी का वाटते?

कोणत्याही भाषेत थोडेच शब्द सतत वापरले जातात. 'आहे', 'पाहिजे', 'किती', 'कुठं' एवढं आलं तरी सुरुवातीला दर आठवड्याला फरक जाणवतो. नंतर शिकायचे शब्द कमी वेळा कानावर पडतात. मेहनत तेवढीच असते, पण फरक दिसायला वेळ लागतो. म्हणून मनाला काय वाटतं यावर विसंबू नये, काहीतरी नोंद हवी.

'येतं' म्हणजे नेमकं काय?

युरोप परिषदेने २००१ मध्ये भाषेच्या सहा पातळ्या प्रसिद्ध केल्या, ए१ ते सी२. जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्यांना त्या ठाऊक असतात. 'मला काय करता येतं' अशा साध्या वाक्यांत त्या मांडल्या आहेत, हा त्यांचा खरा उपयोग. तशी यादी लोणंदमध्येही करता येते: भाव विचारून घासाघीस करता येते. गाडी किती उशिरा आहे हे घोषणेवरून कळतं. दवाखान्यात कुठं आणि कधीपासून दुखतंय ते सांगता येतं. फोनवर, म्हणजे समोरच्याचा चेहरा न दिसता, बोलणं कळतं. प्रत्येक वाक्यापुढे 'नाही', 'अडखळत' किंवा 'सहज' लिहायचं, आणि महिन्याने पुन्हा.

वाचनासाठी आपल्याकडेच एक सोपी शिडी आहे. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणाऱ्या 'असर' पाहणीत मुलांना घरी जाऊन, एकेकाला वाचायला देतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठल्या पायरीवर आहे ते काही मिनिटांत कळतं. देवनागरी नव्याने शिकणाऱ्या मोठ्या माणसालाही बालभारतीची पुस्तकं घेऊन हे करता येईल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

चुका मोजण्यापेक्षा त्या कधी लक्षात येतात ते पाहा

मराठी शिकणारा 'मी पोळी खाल्लो' म्हणतोच. भूतकाळात क्रियापद पोळीप्रमाणे बदलतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. आधी ही चूक दुसरा कुणी दाखवतो. मग बोलून झाल्यावर आपल्यालाच खटकते. पुढे 'खाल्लो... खाल्ली' असं मधेच सुधारलं जातं. शेवटी ती तोंडात येतच नाही. या चारपैकी आपण कुठं आहोत, ही सगळ्यात खरी खूण. तिसऱ्या टप्प्यावर माणूस जास्त अडखळतो आणि बिघडल्यासारखं वाटतं, पण ती प्रगती असते.

मात्र सगळंच वेगळं ऐकू येणं म्हणजे चूक नव्हे. जवळच्या फलटणमध्ये अमेरिकेतून आलेल्या भाषाभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्याच बोलण्यातल्या फरकांवर पीएचडी केली, आणि जाई निंबकर यांच्यासोबत अमराठी लोकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली. एकाच गावात सगळे एकसारखं बोलत नाहीत. पुस्तकात 'करतो आहेस' वाचलं आणि बाजारात 'करतुयास' ऐकलं, तर दोन्ही कळणं ही प्रगतीच.

आवाज नोंदवून ठेवा

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, फोनवर दोन मिनिटं बोला. विषय दरवेळी तोच ठेवा, उदाहरणार्थ 'काल दिवसभर काय केलं'. विषय बदलला की तुलना होत नाही. मग किती वेळा थांबलो आणि किती वेळा हिंदी किंवा इंग्रजी शब्द घ्यावा लागला, तेवढंच मोजा. जुनी नोंद नकोशी वाटली तरी पुसू नका. चार महिन्यांनी उपयोग तिचाच होतो.

घरच्यांनी आणि शिक्षकांनी काय करावं?

प्रत्येक वाक्यात दुरुस्ती करू नये, माणूस गप्प होतो. आठवड्याला एकच चूक ठरवून घ्यावी आणि तेवढीच सांगावी. समोरचा अडखळला की लगेच हिंदीत शिरणं हा आपला जुना चांगुलपणा, पण शिकणाऱ्याचं त्यात नुकसान होतं. पाच सेकंद थांबावं. आणि 'छान बोलता हं' यापेक्षा 'आज तुम्ही दुकानदाराशी एकट्याने बोललात' हे सांगणं जास्त कामाचं.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून लोणंदला मुक्कामी येते. ठिकठिकाणचे वारकरी, ठिकठिकाणची मराठी. वर्षातून एकदा येणारी ही ऐकण्याची फुकटची परीक्षा आहे. त्या दिवशी किती कळलं, कुठं अडलं, ते वहीत तारखेसह लिहून ठेवावं. पुढच्या वर्षी पालखी आली की तेच पान उघडायचं.