साथीच्या दिवसांतला शेजार



रोगराईचा इतिहास लिहिणारे बहुधा दोनच गोष्टी लिहितात : माणसे किती मेली आणि सरकारने हुकूम कोणते काढले. या दोन्ही गोष्टी लिहिल्याच पाहिजेत. परंतु घरात माणूस तापाने फणफणला आहे, कर्त्या माणसाची मजुरी बुडाली आहे आणि भीतीने कोणी उंबरठा ओलांडत नाही, अशा वेळी त्या घरात पाणी कोणी भरले, पोरांना भाकरी कोणी दिली आणि शेवटी खांदा कोणी दिला, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आज तोच प्रश्न घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे. मी पदवीधर नाही. आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले आणि जे काही वाचले ते सभा आटोपल्यावर, रात्री वाचले. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा नसावी. संघटना कशी उभी राहते आणि कशी मोडते, एवढे मात्र मला कळते, आणि त्याच नजरेने मी हा इतिहास पाहिला आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराजवळचा धान्याच्या वखारींचा भाग. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि उंदराच्या अंगावर पिसवा. ही पिसूच रोग माणसापर्यंत आणते, हे त्या वेळी शास्त्रज्ञांनाही उमगले नव्हते. तेव्हा इलाज उरले दोन : गटारे आणि घरे धुऊन काढायची, आणि रोगी दिसला की त्याला उचलून इस्पितळात न्यायचे. ऑक्टोबर महिन्यात महापालिकेच्या आयुक्तांनी तशा सक्तीचा हुकूम काढला. चाळीच्या एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत होती. तेथून माणूस एकदा उचलून नेला की तो बहुधा परत येत नसे. तेथे आपल्या हातचे अन्न नाही, आपले माणूस जवळ नाही. लोकांच्या मनात भलभलत्या शंका उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले.

या प्रसंगाला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. पण जरा विचार करा. ज्या माणसाशी हुकूमतीवाचून दुसऱ्या भाषेत कोणी कधी बोललेच नाही, त्याने संकटाच्या दिवशी एकाएकी विश्वास ठेवावा तरी कसा ? विश्वास हा औषधाच्या बाटलीतून येत नाही. तो आधीच साठवून ठेवावा लागतो.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हाती वाटेल त्या उपायाची मुभा आली. परंतु निव्वळ सक्तीने शहर आटोक्यात येत नाही, हे मुंबईच्या अधिकाऱ्यांच्याही लवकरच ध्यानात आले, आणि निरनिराळ्या जमातींच्या पुढाऱ्यांना स्वतःची इस्पितळे काढण्यास त्यांनी उत्तेजन दिले. पारशी, खोजा, जैन आदी समाजांनी आपापल्या रोग्यांची सोय केली. सोय म्हणजे काय, तर स्वयंपाकी आपला, भाषा आपली आणि नातलगाला जवळ येण्याची परवानगी. औषध तेच होते. फरक पडला तो माणसांमुळे. डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. तरीही लोक धजेनात. तेव्हा खोजांचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी चारचौघांसमक्ष ती टोचून घेतली, आणि मग त्यांचे हजारो अनुयायी पुढे आले.

हा झाला एक धडा : सरकार आणि घर यांच्यामध्ये लोकांची स्वतःची संस्था असेल, तर उपाय घरापर्यंत पोचतो. पण या धड्याला दुसरी बाजू आहे. ज्या जमातीजवळ पैसा होता, तिचे इस्पितळ झाले. मग कोकणातून नि घाटावरून आलेल्या कामगाराचे काय ? गावकुसाबाहेरून आलेल्या सफाईवाल्याचे काय ? त्यांची जमात श्रीमंत नव्हती आणि त्यांच्या नावाची कोनशिला बसवणारा शेठ नव्हता.

येथे दोन माणसांची आठवण केली पाहिजे. पहिले नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा स्थापन केली, ‘दीनबंधू’ पत्र चालविले, आणि त्यांच्या खटपटीमुळे १० जून १८९० पासून गिरण्यांतून रविवारची सुट्टी मिळू लागली. आज आपण रविवारी घरी बसतो, त्यामागे या गृहस्थांचे श्रम आहेत. प्लेग आला तेव्हा शहर सोडून जाणाऱ्यांची रीघ लागली होती. लोखंडे मात्र राहिले. रोग्यांच्या सेवेत असता त्यांनाच प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते वारले.

दुसऱ्या सावित्रीबाई फुले. पुण्यात प्लेग शिरला तेव्हा त्यांनी लष्करात डॉक्टर असलेला आपला मुलगा यशवंत याला बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले. या सेवेतच रोग त्यांना जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. लोखंडे जाऊन महिना झाला होता. त्याच मार्च महिन्यात रँडसाहेबाच्या हाताखालचे गोरे सोजीर पुण्यात घराघरांत घुसून झडत्या घेऊ लागले. स्वयंपाकघर नि देवघर यांचाही मुलाहिजा राहिला नाही. टिळकांनी ‘केसरी’तून त्यावर टीकेची झोड उठवली आणि २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो इतिहास आपण शाळेत शिकतो. पण त्याच शहरात, त्याच रोगाशी, एक म्हातारी बाई बंदुकीवाचून लढत होती, हे आपण किती वेळा सांगतो ?

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की लोखंडे आणि सावित्रीबाई दोघेही सत्यशोधक समाजाचे होते. हा समाज १८७३ साली स्थापन झाला. १८७७ च्या दुष्काळात त्याने पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले होते. म्हणजे १८९७ साली जे दिसले ते आयत्या वेळचे शौर्य नव्हते. वीस वर्षांपूर्वीच हाताला सवय लागलेली होती, आणि कोणाच्या घरी जावे, कोणाच्या घरी जाऊ नये, हा विचार आधीच मनातून काढून टाकलेला होता.

परंतु मी संघटनेचा माणूस आहे, तेव्हा एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. लोखंड्यांच्या सभेला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणीचा निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. ती उभी होती ती त्यांच्या एकट्याच्या नावावर. ते गेले आणि सभाही मागे पडली. एका थोर माणसाच्या खांद्यावर उभी असलेली संस्था त्याच्याबरोबरच तिरडीवर चढते. त्याचे मोठेपण यात कमी होत नाही; पण आपण घ्यायचा धडा मात्र चुकवून चालणार नाही.

हा धडा ज्यांनी घेतला त्यांत ना. म. जोशी यांचे नाव प्रथम येते. १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगार वस्तीत रात्रीचे वर्ग, वाचनालये, असे तिचे शांततेच्या काळातले काम. १९१८ च्या पावसाळ्यात इन्फ्ल्यूएन्झा आला आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईत एका दिवसाला सातशेहून अधिक माणसे मरू लागली, तेव्हा लीगला कार्यकर्ते शोधत बसावे लागले नाही. कोणत्या चाळीत कोण राहते हे त्यांना ठाऊक होते. जमातींच्या मंडळांना बरोबर घेऊन त्यांनी औषधे आणि मदत चाळींपर्यंत पोचविली. हेच जोशी पुढे १९२० साली आयटक या पहिल्या अखिल भारतीय कामगार संघटनेच्या संस्थापकांत होते. शेजाऱ्याची शुश्रूषा आणि कामगाराची संघटना ही एकाच झाडाची फळे आहेत, असे मी म्हणतो ते यासाठी.

आणि आपला वऱ्हाड ? १९१८ च्या त्या साथीने ज्या मुलखांचे फार हाल केले, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाड होता. पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग झालेले आणि वर हा ताप. आपल्याकडे गावोगावच्या जन्ममृत्यूंची नोंद कोतवाल बुकात होई. आज आपण ते बुक जातीच्या दाखल्यासाठी शोधतो. ज्या पणज्याचे नाव आपण त्यात शोधतो, त्याच्या शेजारच्या ओळींतही माणसेच आहेत. ती ओळ वाचताना मनात यावे, की या घरी त्या वेळी कोण गेले असेल ?

शंभर वर्षांनी कोरोना आला. मार्च १८९७ चे हुकूम ज्या कायद्याखाली निघाले, तोच कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. ज्या आर्थर रोडच्या इस्पितळावर कामगार चालून गेले होते, तेच आज कस्तुरबा रुग्णालय या नावाने ओळखले जाते, आणि मुंबईचे पहिले कोरोना रोगी तेथेच ठेवले गेले. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत पहिला रोगी सापडला. अडीच चौरस किलोमीटरांच्या आत आठ लाखांवर वस्ती आणि शौचालये सामाईक. सर्वांनी धारावीची आशा सोडली होती. पण महापालिकेने वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतले, दारोदार तपासणी झाली, वस्तीतल्या मंडळांनी अन्न पोचविले आणि जुलैपर्यंत साथ आटोक्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे नाव घेऊन प्रशंसा केली.

तथापि याच काळात ज्यांना शेजारच नव्हता त्यांचे काय झाले ? ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले. ते मध्य प्रदेशाचे, जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे. ज्या गावात ते काम करीत, तेथल्या कोणत्याही मंडळाच्या वहीत त्यांचे नाव नव्हते. आणि ज्या आशा सेविकांनी दारोदार फिरून आपली नाडी पाहिली, त्या सुमारे सत्तर हजार स्त्रियांना जून २०२१ मध्ये मोबदल्यासाठी संप करावा लागला. टाळ्या वाजविल्याने चूल पेटत नाही.

आपले शेलूबाजार हे रस्त्यावरचे गाव. जुना नागपूर रस्ता येथूनच जातो आणि आता समृद्धी महामार्गही जवळून गेला आहे. नावातच बाजार आहे. म्हणजे येणारा-जाणारा, हमाल, ड्रायव्हर, हंगामी मजूर हे आपल्या गावाचे नेहमीचे पाहुणे. रोग येईल तो याच रस्त्याने येईल, आणि मदतही याच रस्त्याने येईल. आपल्याकडे गणेशोत्सवाची मंडळे आहेत, भजनी मंडळे आहेत, महिलांचे बचत गट आहेत. ही सर्व तयार भांडवले आहेत. त्यांना फार काही करायचे नाही. प्रत्येक मंडळाने आपल्या गल्लीची एक वही ठेवावी. एकटी म्हातारी माणसे कोणती, बाळंतीण कोण, रोजचे औषध कोणाला लागते, हे तीत लिहावे. महिन्याला दहा रुपये का होईना, निधी जमवावा आणि त्याचा हिशेब फळ्यावर मांडावा. मात्र त्या वहीत भाड्याने राहणाऱ्याचे, परप्रांतीय मजुराचे आणि दुसऱ्या जातीच्या घराचेही नाव असले पाहिजे. ते नसेल तर ती शेजाऱ्यांची वही नव्हे, भाऊबंदकीची यादी होय.

लोखंडे नि सावित्रीबाई यांचे पुतळे आपण उभारतो, जयंत्या करतो. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्यासारखी माणसे पुन्हा जन्माला येतील या भरवशावर गाव सोडता येत नाही. आपण साध्या माणसांनी वही आणि वर्गणी सांभाळावी, इतकेच माझे म्हणणे.