बीआरएमची तयारी: स्ट्राव्हावर कोणता आकडा बघायचा?

महिन्याचे किलोमीटर वाढताना बघून भारी वाटतं. पण त्यावरून तुम्ही बीआरएमसाठी तयार आहात का, हे कळत नाही. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. मात्र वेळ संपली की राईड ग्राह्य धरत नाहीत.

वेळेची मर्यादा

- २०० किमी: १३ तास ३० मिनिटं
- ३०० किमी: २० तास
- ४०० किमी: २७ तास
- ६०० किमी: ४० तास

सीझन १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर असा धरतात. या चारही राईड एकाच सीझनमध्ये पूर्ण केल्या, की तुम्ही ‘सुपर रँडोनर’. हिशोब केला तर ताशी साधारण १५ किमी पुरतात. सोपं वाटतं ना? खरी गोम पुढे आहे.

दोन वेळा, दोन अर्थ

स्ट्राव्हा प्रत्येक राईडच्या दोन वेळा देतं. ‘मूव्हिंग टाइम’ म्हणजे चाकं फिरत होती तेवढाच वेळ. ‘इलॅप्स्ड टाइम’ म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचा सगळा वेळ. त्यात चहा, मिसळ, पंक्चर, सिग्नल सगळं आलं. ॲपमधला सरासरी वेग मूव्हिंग टाइमवर काढलेला असतो. बीआरएमचं घड्याळ मात्र तुम्ही थांबलात म्हणून थांबत नाही.

समजा, १०० किमीच्या सरावात मूव्हिंग टाइम ५ तास आला. ॲप दाखवणार ताशी २० किमी. पण एकूण वेळ साडेसहा तास असेल, तर याच चालीने २०० किमीला १३ तास लागतील. हातात उरला अर्धा तास, आणि त्यात थकवा धरलेलाच नाही. एक-दोन पंक्चर झाली की संपलं!

आता दीड तासाचे थांबे पाऊण तासावर आणले, तर २०० किमी साडेअकरा तासांत होतात. हेच नुसता वेग वाढवून करायचं, तर ताशी २० वरून साडेतेवीसवर जावं लागेल. त्याला कित्येक महिने लागू शकतात. थांबे कमी करणं पुढच्या रविवारपासून जमतं.

मी नोंद कशी ठेवतो

गूगल शीट्समध्ये राईडमागे एक ओळ: तारीख, अंतर, चढाई, मूव्हिंग टाइम, एकूण वेळ. सहाव्या रकान्यात एकूण वेळेतून मूव्हिंग टाइम वजा. हा थांब्यांचा वेळ, आणि माझं मुख्य ध्येय याच रकान्यात असतं. शेवटी चार शब्दांची टीप: ‘समोरून वारा’, ‘पाणी कमी प्यायलो’. दोन महिन्यांनी आकडा का घसरला, हे याच टिपेवरून समजतं.

वेगाची तुलना नेहमी एकाच रस्त्यावर करा. माझ्यासाठी जुना कात्रज घाट. सपाट रस्त्याचा वेग आणि घाटातला वेग शेजारी ठेवून काही हाती लागत नाही. चढाईचे आकडेही वेगवेगळ्या फोनवर वेगळे येतात, म्हणून मित्राशी ताडून बघत बसू नका.

ही सेटिंग आधी करा

१. अँड्रॉइडवर ॲपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. नाहीतर स्क्रीन बंद असताना फोन रेकॉर्डिंग मध्येच तोडू शकतो.

२. रस्त्याचा नकाशा आधीच ऑफलाइन डाउनलोड करा. पॉवर बँक आणि केबल सोबत हवीच.

३. प्रायव्हसीमध्ये जाऊन राईडची सुरुवात आणि शेवट लपवा. रोज घरूनच निघत असाल, तर नकाशावरून तुमचं घर कुणालाही शोधता येतं. २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या हीटमॅपवरून लष्करी तळांच्या जागा दिसल्याची बातमी जगभर गाजली होती. तिथे आपल्या सोसायटीची काय कथा!

सीझनचं ध्येय कसं लिहाल?

‘यंदा ५,००० किमी’ एवढंच लिहू नका. ‘डिसेंबरपर्यंत १०० किमी, एकूण वेळ पावणेसहा तास, थांबे पाऊण तासाच्या आत’ असं लिहा. हे जमलं, की २०० च्या बीआरएमला बिनधास्त नाव नोंदवा. ३०० चा विचार त्यानंतर.