सुकाणूची पेटी: हुबळी-धारवाडच्या रस्त्यांवरील एका बदलाचा इतिहास

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा जुना महामार्ग बेळगाव आणि कित्तूर मागे टाकून धारवाडला येतो आणि तेथून सुमारे वीस किलोमीटरवर हुबळीच्या व्यापारपेठेत उतरतो. या जोडशहरांच्या पूर्वेस नवलगुंद-गदगकडे पसरलेली कापसाची काळी जमीन पावसाळ्यात चाक धरून ठेवते. पश्चिमेस कलघटगी, हल्याळ आणि दांडेलीच्या दिशेने मलनाडचे जंगल व वळणावळणाचे तांबडे रस्ते सुरू होतात. आणि येल्लापूरवरून अंकोल्याच्या किनाऱ्याकडे जाणारी वाहतूक अरबैल घाट उतरून जाते. एकाच ठाण्यावरून निघणाऱ्या वाहनाला अशा तीन तऱ्हेच्या वाटा तुडवाव्या लागत असल्याने, मोटारीचे वजन चालकाच्या मनगटांना जेथे थेट जाणवते त्या सुकाणूच्या यंत्रणेचा कस येथे विशेष लागतो. जुन्या मोटारीची मूळ पेटी काढून बाजारातून आणलेली दुसरी पेटी बसवणे हा आज हौशी मालकांचा छंद समजला जातो, परंतु या कामाचा इतिहास पाहिला तर त्याची मुळे टंचाईत आणि चालकाच्या श्रमात रुतलेली आढळतात.

सुकाणूची पेटी, जिला गॅरेजांमध्ये स्टेअरिंग बॉक्स एवढेच म्हणतात, ही लोखंडी कवचात वंगणासह बसवलेली एक लहान यंत्रणा असून ती हातातल्या चाकाची फिरकी एका आखूड भुजेच्या झोक्यात बदलते. या भुजेला ड्रॉप आर्म म्हणतात; तिच्यापासून निघणारी लांब दांडी म्हणजे ड्रॅग लिंक, आणि पुढच्या चाकांना एकत्र वळवणारी दांडी म्हणजे टाय रॉड. पेटीचे गुणोत्तर वीसास एक असेल, तर चालकाने चाक वीस अंश फिरवल्यावर ड्रॉप आर्म एक अंश हलते. त्यामुळे जोर कमी लागतो, पण हात अधिक फिरवावे लागतात. वळताना आतल्या चाकाने बाहेरच्या चाकापेक्षा अधिक कोन घ्यावा, ही मूळ कल्पना मोटारीहून जुनी आहे. म्युनिकचा गाडीकार गेऑर्ग लांकेनश्पेर्गर याने ती घोडागाडीसाठी बसवली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने लंडनमध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे मोटारी जड झाल्या, तशी पेटीच्या आतील रचना बदलत गेली. प्रथम मळसूत्री आटे पाडलेल्या दांड्यावर दातेरी पाकळी फिरवणारी वर्म-सेक्टर पद्धत रूढ झाली; तिच्या पाठोपाठ नागमोडी खोबणीत खुंट्या सरकवणारी कॅम-लिव्हर पद्धत आली; आणि नंतर मळसूत्र व नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरत्या ठेवणारी पद्धत आली, जिच्यात घासण्याऐवजी लोळणे होत असल्याने चाक पुष्कळ हलके फिरते. रॅक आणि पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी व तिच्यावर फिरणारे लहान दंतचक्र, ही पद्धत यांहून वेगळी. तिच्यात स्वतंत्र पेटी आणि ड्रॉप आर्म यांना स्थानच नाही.

हुबळी-धारवाडला यंत्रकामाची परंपरा मोटारीच्या आधीपासून आहे. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय धारवाडला होते, आणि ज्या इमारतीत ते होते तेथेच पुढे कर्नाटक कॉलेज आले. रेल्वेचा दुरुस्ती कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हुबळीत उभा राहिला. लेथवर दांडा कातणे, झिजलेल्या भोकात पितळी बुश ठोकणे, आटे पाडणे आणि मापाला माप जुळवणे ही कामे करणारा कारागीर अशा कारखान्यात घडतो. शेजारच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान काढले आणि त्यातूनच १९१० मध्ये किर्लोस्करवाडीपर्यंत पोहोचणारा उद्योग वाढला. उत्तरेस कोल्हापूरच्या उद्यमनगरात तेलाच्या इंजिनांचे आणि ओतकामाचे कारखाने उभे राहिले. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या या पट्ट्यात सुटा भाग मिळाला नाही तर तो घडवून घ्यावा, ही वृत्ती अशा वातावरणात रुजली.

मोटारींचे सुटे भाग मात्र दीर्घकाळ मुंबईहूनच येत, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबईच्या कारभाराखाली होता आणि त्याचा व्यापारही तिकडेच वळलेला होता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली आणि शेव्हर्लेसारख्या अमेरिकन गाड्या पश्चिम भारतातील संस्थानिक, वकील, व्यापारी आणि खासगी बससेवा चालवणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर सरकारने असे धोरण धरले की ज्या कंपन्यांपाशी देशातच भाग बनवण्याची योजना नाही त्यांनी केवळ जुळणी करत राहू नये. १९५४ पर्यंत जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी येथील जुळणी थांबवली. या एका निर्णयाने हजारो धडधाकट गाड्या भागांवाचून पोरक्या झाल्या. इंजिनाचा पिस्टन घडवता येतो, पत्र्याचे अंग ठोकून नीट करता येते. पण कठीण केलेल्या पोलादाचा, अचूक घासलेला सुकाणूचा वर्म लहान गॅरेजात तयार होत नाही. म्हणून देशात तयार होणाऱ्या गाड्यांची, विशेषतः जीपची आणि ट्रकची, पेटी जुन्या अमेरिकन गाडीला जुळवून घेण्यावाचून मालकाला गत्यंतर उरले नाही. मूळ कारखान्याबाहेरची पेटी बसवण्याची प्रथा भारतात खऱ्या अर्थाने येथून सुरू झाली, असे म्हणणे योग्य ठरेल.

या प्रथेच्या केंद्रस्थानी जीप आहे. महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाअखेर मुंबईत विलीज जीपची जुळणी हाती घेतली, आणि अमेरिकेत १९५३ मध्ये आलेली उंच बॉनेटची सीजे-३बी ही जीप तिच्या नंतरच्या रूपांतरांसह भारतात कित्येक दशके बनत राहिली. जंगल खाते, पाटबंधारे, पोलीस आणि मोठे शेतकरी यांच्यामुळे ती धारवाडच्या पूर्वेकडील काळ्या रानात आणि पश्चिमेकडील लाकूडतोडीच्या वाटांवर सारखीच परिचयाची झाली. तिची पेटी अमेरिकेतील रॉस कंपनीच्या आराखड्याची, कॅम-लिव्हर पद्धतीची होती. मोटार बहुतांश काळ सरळच चालत असल्याने खोबणीचा मधला भाग सर्वांत अधिक झिजतो; परिणामी चाक सरळ असताना ते दोन-तीन बोटे रिकामे हलते, ज्याला मिस्त्री ‘प्ले’ म्हणतात. पेटीवरचा स्क्रू आवळून हा प्ले काढला, तर न झिजलेल्या टोकांना खुंट्या अडकू लागतात आणि पूर्ण वळण घेतलेले चाक आपोआप परत येत नाही. ही अडचण स्क्रूने सुटणारी नसते, आणि हे न ओळखता तो पुन्हापुन्हा आवळल्याने असंख्य पेट्या कायमच्या निकामी झाल्या आहेत.

जीपची दुसरी अडचण पेटीच्या पुढे असते. या जुन्या जीपमध्ये ड्रॅग लिंक थेट चाकाकडे जात नाही. ती मधोमध बसवलेल्या बेल क्रँक नावाच्या कोनाकृती तुकड्याला हलवते आणि तेथून दोन वेगळे टाय रॉड दोन चाकांकडे जातात. प्रत्येक सांध्यात थोडी झीज झाली तरी साऱ्यांची बेरीज चालकाच्या हाती येते. म्हणून केवळ नवी पेटी बसवून समाधान मानणारा मालक अर्धे काम करतो. किंग पिन, बॉल जॉइंट आणि बेल क्रँकचे बुश तपासल्याशिवाय पेटीला दोष देणे न्याय्य नाही. १९७२ मध्ये अमेरिकेतील जीपला सॅगिनॉ कंपनीची फिरत्या गोळ्यांची पेटी मिळाली, आणि जगभरचे जीपमालक जुन्या गाड्यांना तीच बसवू लागले. भारतात या बदलाला देशी रूप आले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासे झाले तेव्हा जीपांना आणि मोटारींनाही डिझेल इंजिने बसवण्याची लाट आली; डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या धुऱ्यावरचा भार वाढला आणि पूर्वी सुसह्य असलेली पेटी चालकाला पेलवेनाशी झाली. एका बदलाने दुसरा बदल अटळ केला. आज धारवाड-बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात जुनी जीप जपणारे मालक बहुधा महिंद्राच्याच नंतरच्या गाड्यांची, विशेषतः २००० मध्ये आलेल्या बोलेरोची, पॉवर स्टेअरिंगची पेटी पसंत करतात, कारण तिचे भाग जवळच मिळतात.

प्रवासी मोटारींची गोष्ट तुलनेने लहान आहे. १९५० च्या दशकातील जी फियाट मराठी बोलीत ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली गेली, ती आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या तिच्या नंतरच्या बहिणी, पद्मिनीसह, वर्म-सेक्टर पेटीवर चालत. त्यांच्यात गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबालाच जोडलेला असे, त्यामुळे दुसरी पेटी बसवताना गिअरच्या कांड्यांचाही मेळ पुन्हा घालावा लागतो. ॲम्बॅसडरमध्ये मात्र रॅक आणि पिनियन असल्याने तिच्या बाबतीत पेटी बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

बसच्या क्षेत्रात या बदलाने अधिक माणसांचे आयुष्य सुकर केले. मुंबई राज्याच्या एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. राज्य पुनर्रचनेत धारवाड, बेळगाव, विजापूर आणि कारवार हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले तेव्हा तेथील एसटीही तिकडे सोपवली गेली, आणि १ नोव्हेंबर १९९७ पासून वायव्य कर्नाटक रस्ते वाहतूक महामंडळाचे मुख्यालय हुबळीत आहे. बिनमदतीच्या पेटीची भरलेली बस घाटात वळवणे हे खांदे मोडणारे काम होते, आणि ते काम ज्यांनी तीस-तीस वर्षे केले त्या चालकांच्या श्रमांची नोंद कोणत्याही संग्रहालयात नाही. तेलाच्या दाबाने सुकाणूला जोर देण्याची कल्पना फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२० च्या दशकातच सिद्ध केली होती आणि १९५१ मध्ये क्रायस्लरने ती विक्रीच्या मोटारीत आणली. भारतीय बस-ट्रकांमध्ये ती सर्वत्र पोहोचायला पुढची कित्येक दशके लागली. १९८१ मध्ये स्थापन झालेली आणि पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुकला कारखाना असलेली झेडएफ स्टेअरिंग गिअर (इंडिया) ही कंपनी आणि मद्रासचा राणे समूह यांच्यामुळे अशा पेट्या देशात बनू लागल्या. धारवाडजवळ टाटा आणि ब्राझीलच्या मार्कोपोलोने २००६ च्या करारानंतर उभारलेल्या बस कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांना अशी मदत गृहीतच धरलेली असते.

बाजारातून आणलेली पेटी जुन्या गाडीला बसवण्याचे काम वरवर दिसते त्याहून नाजूक आहे. नव्या पेटीचा जोर जुन्या चौकटीच्या पातळ कडेवर येतो, म्हणून आतून पोलादी पट्टी देऊन तो पसरवावा लागतो. अन्यथा बोल्टच्या भोकांपाशी तडे जातात. ड्रॉप आर्मच्या भोकातील दाते नव्या दांड्याशी जुळत नसतील तर योग्य दात्यांची भुजा शोधावी किंवा तज्ज्ञ कारखान्यातून तयार करून घ्यावी. दोन भुजा कापून एकमेकींना वेल्ड करणे हा गुन्हाच मानला पाहिजे, कारण ती तुटली तर चालकाच्या हाती काहीही उरत नाही. कमानी दबताना धुरा ज्या वर्तुळात हलतो त्याच्याशी ड्रॅग लिंकच्या टोकाचे वर्तुळ जुळले नाही, तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप बाजूला ओढले जाते. हा दोष गाडी उभी असताना दिसत नाही आणि वेगात असताना जीव घेऊ शकतो. पॉवर स्टेअरिंगसाठी इंजिनावर पट्ट्याने फिरणारा पंप लागतो, ज्याची जागा जुन्या पेट्रोल इंजिनाच्या रचनेत मुळीच धरलेली नसते. या साऱ्या कष्टांच्या बदल्यात एक मोठा लाभ पदरी पडतो: जुन्या जीपचा सुकाणूचा दांडा पेटीपासून चालकाच्या छातीपर्यंत एकसंध जातो आणि समोरासमोरच्या धडकेत भाल्यासारखा मागे येतो, नव्या रचनेत मधे सांधे व दबणारा खांब घालता येतो.

मूळपणाचा आग्रह धरणारे संग्राहक या बदलाला विरोध करतात आणि त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर मर्यादा घालते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणाऱ्या बदलांबाबत कडक भूमिका घेतली. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली, जिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. त्यासाठी वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चॅसिस, अंग किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. सुकाणूची पेटी या अटीत नावाने येत नाही, पण तिच्यासाठी चौकट कापली वा वेल्ड केली तर तो चॅसिसमधला फेरफार ठरू शकतो. यावरून मार्गही सुचतो: जो बदल केवळ बोल्टांनी बसतो आणि बोल्ट काढून पूर्ववत करता येतो, तो जुन्या गाडीचा इतिहास पुसत नाही, तर त्या इतिहासात आणखी एका पिढीच्या गरजेची भर घालतो. मालकांनी काढलेली मूळ पेटी भंगारात देऊ नये. ती धुऊन, तेल लावून, गाडीच्या क्रमांकाची चिठ्ठी बांधून ठेवावी आणि कोणत्या वर्षी, कोणत्या गाडीची पेटी, कोणत्या कारणाने बसवली हे गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवावे, कारण या पट्ट्यातील मिस्त्रींच्या कौशल्याचा लेखी पुरावा म्हणून पुढच्या अभ्यासकाला तेवढाच कागद मिळणार आहे.