खटपट: वडोद्याच्या पेढ्यांतून लंडनच्या संसदेपर्यंत गेलेला शब्द

‘खटपट’ हा शब्द मराठी माणूस दिवसातून दोनदा तरी वापरतो. नोकरीसाठी खटपट, दाखल्यासाठी खटपट, लग्न जमवायची खटपट. कष्ट, धडपड हा त्याचा एक अर्थ. कारस्थान, आतून सूत्रं हलवणं हा दुसरा. वडोद्यात एकोणिसाव्या शतकात हा दुसरा अर्थ इतका रुजला, की इंग्रज अधिकाऱ्यांनी शब्दाचं भाषांतर करायचा नाद सोडून तो जसाच्या तसा आपल्या कागदांत घेतला. १८५२ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे ठेवलेल्या सरकारी कागदपत्रांत तो इंग्रजी लिपीत छापला गेला. अर्थ एवढाच: पैसे चारून, वशिले लावून मुंबई सरकारकडून हवा तो निकाल मिळवणं. आज ज्याला सभ्य भाषेत ‘लॉबिंग’ म्हणतात, त्याचा हा जुना आणि अधिक प्रामाणिक मराठी शब्द.

पैसा कुणाचा होता?

वडोदा शहराच्या पूर्वेला साधारण वीस किलोमीटरवर वाघोडिया आहे. आज ते ओळखलं जातं जीआयडीसीच्या कारखान्यांमुळे. वडोद्याला पाणी पुरवणारा आजवा तलावही याच तालुक्यात. एकोणिसाव्या शतकात हा सगळा गायकवाडी मुलूख होता आणि तिथे महसूल वसुलीला इजाऱ्याची पद्धत होती. म्हणजे परगण्याचा सारा गोळा करायचा मक्ता एखाद्याला द्यायचा, त्याने सरकारात ठरलेली रक्कम भरायची, आणि वर जे निघेल ते त्याचं. इजारदाराला पैसा पुरवायचा सावकार. फौजेचा पगार, दरबारचा खर्च, जुनं कर्ज हे सगळंही सावकाराच्याच वहीत. त्यामुळे वडोद्यातल्या पेढीने मुंबईत कुणाला काही चारलं, तरी तो पैसा शेवटी शेतकऱ्याच्या खळ्यातूनच निघायचा. जुन्या कागदांत मात्र मोठमोठी नावं भेटतात, खळ्यातला माणूस सहसा भेटत नाही.

बहांदरी: सगळ्याचं मूळ

खटपट का फोफावली, हे कळायला ‘बहांदरी’ समजून घ्यावी लागते. १८०२ मध्ये गायकवाडांच्या घराण्यात गादीचा तंटा चालू होता. अरब शिबंदीचे पगार थकलेले, तिजोरी रिकामी. ईस्ट इंडिया कंपनी मध्ये पडली, मेजर अलेक्झांडर वॉकर पहिले रेसिडेंट म्हणून आले. शिबंदी काढून टाकायची तर आधी थकबाकी द्यायला हवी, आणि सावकार तर दरबारच्या नुसत्या शब्दावर कर्ज द्यायला तयार नाहीत. मग कंपनीने हमी दिली. हीच बहांदरी. पुढे १८०५ च्या तहाने तैनाती फौजेच्या खर्चासाठी ११,७०,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीकडे गेला, तो वेगळाच.

हमी नुसत्या कर्जापुरती राहिली नाही. सावकारांचं संरक्षण, कुणाचं वर्षासन, कुणाचं वंशपरंपरागत पद, असं बरंच काही तिच्याखाली आलं. ज्याच्याकडे बहांदरी, त्याला महाराज हात लावू शकत नसत. लावलाच तर भांडण रेसिडेंटकडे जाणार, तिथून मुंबईला गव्हर्नरच्या कौन्सिलपुढे.

मेख इथेच आहे. वडोद्यातल्या पेढीचं, वारसाचं, दिवाणाचं भवितव्य चारशे किलोमीटरवर बसलेली दोन-चार माणसं ठरवणार. त्यांना गुजराती येत नाही, मराठी बेताचीच, आणि समोर फक्त कागद. तो कागद कोण लिहितं, कोण भाषांतर करतं, कुठला आधी पुढे सरकतो, याला सोन्याचा भाव आला. हरिभक्तीसारख्या मोठ्या पेढ्या, दरबारातले मानकरी, खुद्द महाराज, प्रत्येकाला मुंबईत ‘आपला माणूस’ हवाच होता.

कारभार कसा चाले

१८४७ मध्ये कर्नल जेम्स आउट्रम वडोद्याचा रेसिडेंट झाला. त्याआधी तो साताऱ्याला रेसिडेंट होता. स्वभाव भांडखोर, लिहायची खोड मोठी. मधली दोन वर्षं तब्येतीसाठी इजिप्तला काढून १८५० मध्ये तो परत आला आणि जुनी प्रकरणं उकरायला लागला.

त्यातलं गाजलेलं प्रकरण जोईताबाईचं. ही एका मोठ्या पेढीच्या मालकाची विधवा. तिची तक्रार पेढीचा कारभारी बाबा नाफडा याच्यावर होती. त्याने पेढी बळकावली, आणि तिचं मूल तिचं नव्हेच असं ठरवून तिला वारसाहक्कातून बाहेर काढलं, असं तिचं म्हणणं. एकटी बाई एका बाजूला, पेढीची तिजोरी दुसऱ्या बाजूला. तिची दाद लागेना, आणि ती का लागत नाही याचा शोध घेताना आउट्रमचा हात त्याच्याच कचेरीपर्यंत पोहोचला. रेसिडेन्सीतला मुख्य देशी अधिकारी नरसोपंत लाच घेत असल्याचं निघालं आणि त्याला घरी जावं लागलं.

आउट्रमचा मुख्य मुद्दा मात्र याहून मोठा होता. मुंबईच्या सचिवालयातल्या गुप्त गोष्टी वडोद्याच्या दरबारात फुटतात. मध्यस्थ लोक अमुक साहेबाला इतके, तमुक साहेबाला तितके म्हणून पैसे उकळतात. आणि मुंबईत निकाल विकत मिळतो, अशी वडोद्यात लहानथोरांची पक्की समजूत आहे. कौन्सिलच्या सभासदांनी पैसे खाल्ले असा आरोप त्याने केला नव्हता, साहेबांची नावं बाजारात विकली जातात एवढं त्याचं म्हणणं होतं. पण साहेबाच्या नावाला बाजारात भाव यायचा, तर तो भाव कधीतरी वसूल होत असला पाहिजे, असंच कुणालाही वाटणार. मुंबईकरांना नेमकं तेच झोंबलं.

अहवाल दिला, पद गेलं

३१ ऑक्टोबर १८५१ रोजी आउट्रमने खटपटीवरचा आपला अहवाल पाठवला. मुंबईचे गव्हर्नर तेव्हा लॉर्ड फॉकलंड होते. सरकारने अहवालातल्या मजकुरापेक्षा त्याच्या भाषेवर जास्त बोट ठेवलं, आणि काही आठवड्यांतच आउट्रमला वडोदा सोडावं लागलं. ज्यांच्यावर बोट दाखवलं होतं त्या मंडळींसाठी यापेक्षा चांगली जाहिरात नव्हती. रेसिडेंटलासुद्धा हलवता येतं, हे वडोद्याने डोळ्यांनी पाहिलं.

आउट्रम इंग्लंडला गेला आणि तिथे त्यानेही खटपटच केली, फक्त उघडपणे. कागदपत्रं संसदेपुढे आली. कंपनीच्या सनदेचं नूतनीकरण १८५३ मध्ये व्हायचं होतं, त्यामुळे कंपनीच्या विरोधकांना हे आयतं हत्यार मिळालं. जी.आय.पी. रेल्वेच्या प्रवर्तकांपैकी एक असलेल्या जॉन चॅपमन यांनी त्याच वर्षी वडोदा आणि मुंबईच्या राजकीय नीतिमत्तेवर पुस्तिकाच काढली. कंपनीच्या संचालकांनी आउट्रमच्या तळमळीचं कौतुक केलं, भाषेबद्दल कानही टोचले. अखेर गव्हर्नर जनरल डलहौसीने वडोद्याचा कारभार मुंबईकडून काढून आपल्या हाताखाली घेतला आणि १८५४ च्या मार्चमध्ये आउट्रमला पुन्हा तिथेच पाठवलं. त्याने आल्याआल्या गणपतराव महाराजांचा दिवाण भाऊ तांबेकर याला पदावरून काढायला लावलं आणि थोड्याच दिवसांत एडनला निघून गेला.

त्याला सरळ न्यायमूर्ती समजायचं कारण नाही. हाच आउट्रम पुढे लखनौला रेसिडेंट झाला आणि १८५६ मध्ये अवध खालसा करण्याचा हुकूम त्याच्याच हातून बजावला गेला. दिवाण कोण असावा हे रेसिडेंटने ठरवायचं, हासुद्धा एक प्रकारचा दबावच होता. त्याला खटपट म्हणत नसत, एवढंच.

तपास करणाऱ्यालाच बाजूला करायची रीत ब्रिटनमध्ये जुनी झाली असंही नाही. २०२१ मध्ये खासदार ओवेन पॅटरसन यांनी ज्या दोन कंपन्यांकडून मानधन घेतलं, त्यांच्याच बाजूने सरकारी खात्यांकडे रदबदली केल्याचं संसदेच्या आयुक्तांच्या चौकशीत निघालं. तीस दिवसांच्या निलंबनाची शिफारस झाली. पॅटरसन यांनी चूक नाकारली. ३ नोव्हेंबरला सत्ताधारी पक्षाने शिक्षा थांबवून चौकशीची पद्धतच बदलायचा ठराव मंजूर केला. गदारोळ एवढा झाला की दुसऱ्या दिवशी सरकारने माघार घेतली आणि पॅटरसन यांनी राजीनामा दिला. आउट्रमला परत यायला दोन वर्षं लागली होती.

लंडनचा बाजार

पैसा मुंबईतच थांबत असे असंही नव्हे. अर्काटच्या नवाबाला कर्ज देणाऱ्या पॉल बेनफील्डसारख्यांनी त्याआधी साठ-सत्तर वर्षं लंडनच्या संसदेत आपलं वजन उभं केलं होतं. एडमंड बर्कने फेब्रुवारी १७८५ मध्ये त्यावर भर सभागृहात भाषण केलं. तो पैसाही शेवटी कर्नाटकातल्या रयतेकडूनच वसूल व्हायचा होता.

मराठी माणसांपैकी या बाजारात सर्वांत जास्त काळ उभा राहिला तो रंगो बापूजी गुप्ते. १८३९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना कंपनीने पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे राहिले. निवेदनं छापणं, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रश्न उठवणं, जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारख्या खासदारांना गाठणं हेच त्यांचं काम. यातलं काहीही चोरून नव्हतं. प्रतापसिंह १८४७ मध्ये काशीला वारले, १८४८ मध्ये सातारा खालसा झालं, आणि रंगो बापूजी हात हलवत परतले. उघड खटपटीचं फळ हे असं, आणि मुंबईतल्या झाकल्या खटपटीचं फळ वेगळं. वडोद्याच्या सावकारांना हा हिशोब कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुन्हा रेसिडेन्सी

आउट्रम गेल्यावर वडोद्याचा कारभार काही वर्षांत परत मुंबईकडे आला आणि वीस वर्षांनी तीच जखम पुन्हा वाहायला लागली. मल्हारराव गायकवाडांच्या राज्यात रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले, त्यांचं आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांचं पटलं नाही. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष निघालं.

खटला विषाचा म्हणून लक्षात राहिला आहे. पण मल्हाररावांवरच्या आरोपांत रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्त संधान बांधून त्यांना पैसे दिल्याचे आरोपही होते. महत्त्वाचे साक्षीदार रावजी हवालदार आणि नरसू जमादार, दोघेही रेसिडेन्सीचेच नोकर. महाराजांच्या बचावासाठी सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील लंडनहून आले. सहा आयुक्तांत तीन इंग्रजांनी दोषी म्हटलं. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना विषप्रयोग सिद्ध झाला असं वाटलं नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून काढलं, कारण दिलं ते गैरकारभाराचं. त्यांना मद्रासला पाठवण्यात आलं. वडोद्याची रेसिडेन्सी या वेळी मुंबईकडून कायमची निघाली आणि थेट भारत सरकारच्या हाताखाली गेली.

भाऊ तांबेकरांचा वाडा वडोद्यात अजून उभा आहे. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेल्या या वाड्याच्या भिंतींवर महाभारत आहे, कृष्णलीला आहे आणि इंग्रज-मराठा लढाईची चित्रंही आहेत.