देणगी, अटी आणि धोरण : जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयाचा पूर्वेतिहास

शिक्षणसंस्थेचे धोरण म्हणजे संस्थापकांनी आरंभी आखून दिलेला आराखडा होय, अशी समजूत सामान्यतः रूढ आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते. या विद्यालयाचे धोरण विश्वस्त, अध्यापक आणि देणगीदार यांच्या परस्पर ताणांतून, आणि पुष्कळदा द्रव्याच्या अडचणीतून घडत गेले.

व्यापारी जॉन्स हॉपकिन्स १८७३ मध्ये निवर्तले. त्यांनी ठेवलेले सुमारे ७० लक्ष डॉलर विद्यापीठ व रुग्णालय यांत समान वाटावयाचे होते. विद्यापीठ १८७६ मध्ये व रुग्णालय १८८९ मध्ये सुरू झाले. परंतु विद्यापीठाचा वाटा मुख्यतः बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या भागांत गुंतलेला होता, आणि त्यांवरील लाभांश बंद पडल्याने वैद्यकीय विद्यालय कागदावरच राहिले. विकृतिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम वेल्च १८८४ मध्येच नेमले गेले होते. ऑस्लर, हॉलस्टेड व केली हे रुग्णालयात काम करीत होते. अध्यापक होते, रुग्ण होते. विद्यार्थी तेवढे नव्हते.

ही कोंडी स्त्रियांच्या एका समितीने फोडली. १८९० मध्ये तिने १ लक्ष डॉलर देऊ केले. अट एवढीच की, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळावा. या अटीचे महत्त्व मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये पदवी मिळविली, ती फिलाडेल्फियाच्या केवळ स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयातून. विश्वस्तांनी अट स्वीकारली खरी, पण एकूण ५ लक्ष डॉलर जमल्यावाचून विद्यालय उघडावयाचे नाही, असे ठरविले. अखेर १८९२ च्या डिसेंबरात मेरी गॅरेट यांनी ३,०६,९७७ डॉलर देऊन ही रक्कम पुरी केली.

मात्र त्यांनी आणखी एक अट घातली. प्रवेशार्थी पदवीधर असावा, त्यास मूलभूत विज्ञानांचे तसेच फ्रेंच व जर्मन भाषांचे ज्ञान असावे, असा तिचा आशय होता. हा निकष मुळात वेल्च यांच्याच लेखणीतून उतरला होता. कागदावरचे ध्येय बंधन होऊन पुढे येताच अध्यापकच बिचकले, कारण इतक्या कठोर निकषास उतरणारे विद्यार्थी मिळतील किंवा कसे, याची त्यांस खात्री वाटेना. तथापि गॅरेट ढळल्या नाहीत. १८९३ मध्ये विद्यालय उघडले तेव्हा पहिल्या वर्गात १८ विद्यार्थी होते व त्यांत ३ स्त्रिया होत्या. १९१० च्या सुप्रसिद्ध अहवालात एब्राहम फ्लेक्सनर यांनी याच विद्यालयास आदर्श मानले.

दुसरा प्रसंग १९१३ चा. रॉकफेलर यांच्या द्रव्यावर चालणाऱ्या जनरल एज्युकेशन बोर्डाने १५ लक्ष डॉलर दिले, ते चिकित्साविषयांच्या प्रमुख प्राध्यापकांनी खासगी वैद्यकीचे उत्पन्न सोडून पूर्णवेळ अध्यापन करावे या अटीवर. वेल्च या योजनेचे पुरस्कर्ते होते. १९०५ मध्ये ऑक्सफर्डला गेलेल्या ऑस्लर यांनी मात्र १९११ मध्येच तीस विरोध दर्शविला होता. समाजातील रुग्णांशी संबंध तुटलेला शिक्षक उत्तम चिकित्सक घडवू शकणार नाही, अशी त्यांची भीती होती. हॉलस्टेड यांनी योजना स्वीकारली. उलट, १९०२ मध्ये पूर्णवेळ अध्यापनाचा जाहीर पुरस्कार करणारे बार्कर प्रत्यक्ष वेळ येताच मागे सरले. त्यांच्या जागी १९१४ मध्ये आलेले जेनवे यांनीही १९१७ मध्ये राजीनामा दिला.

या दोन प्रसंगांत एक साम्य आणि एक भेद दिसून येतो. दोन्ही वेळी अध्यापकांपैकीच कोणी पुरस्कारिलेले तत्त्व देणगीची अट बनून परत आले, आणि तत्त्वाचे मोल तेव्हाच कसास लागले. परंतु पहिल्या अटीचा भार मुख्यतः येणाऱ्या विद्यार्थ्यांवर होता, तर दुसरीचा थेट प्राध्यापकांच्या मिळकतीवर व व्यावसायिक स्वातंत्र्यावर. पहिल्या वेळी त्यांची शंका पहिला वर्ग भरताच ओसरली. दुसऱ्या वेळी मतभेद राजीनाम्यापर्यंत गेला. संस्थेच्या धोरणाचा अभ्यास करणाऱ्याने यास्तव केवळ ठरावांची भाषा पाहून थांबू नये. त्या ठरावांची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे.