दुसऱ्या श्रेणीतले दोन हंगाम

फुटबॉलचा इतिहास लिहिताना चषक कुणी जिंकला एवढं नोंदवून आपण मोकळे होतो. खालच्या श्रेणीत काय घडलं, कोण वर आलं, कोण घसरलं, हे क्वचितच कुणी लिहितं. खरं तर एखाद्या प्रदेशात खेळ रुजला की नुसताच सजवला गेला, हे दुसऱ्या श्रेणीकडे पाहूनच कळतं. वर जाण्याचा जिना शाबूत आहे का आणि खाली पडलेला पुन्हा उठू शकतो का, हे दोनच प्रश्न तिथे असतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. आमच्याकडेही दुसरी श्रेणी असते, तिला आम्ही ‘ब तुकडी’ म्हणतो. म्हणून असेल कदाचित, पण मला अव्वल संघांपेक्षा बढतीसाठी झगडणारे संघ जास्त जवळचे वाटतात. आज अशाच दोन हंगामांबद्दल लिहितो आहे. एक मुंबईचा, २००८ चा. दुसरा पुण्याचा, २००९ चा. मी राहतो ते वलवण या दोन शहरांच्या मधोमध, घाटमाथ्यावर. दोन्ही शहरांच्या गाड्या आमच्या धरणावरून जातात आणि दोन्हीकडच्या बातम्या आमच्यापर्यंत पोचतात.

आधी व्यवस्था समजून घेऊ. भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली. २००७ मध्ये तिचं रूप बदलून ‘आय-लीग’ झाली. पहिल्या हंगामात दहा संघ होते आणि खाली द्वितीय श्रेणी. नियम साधा होता. वरचे तळाचे दोन खाली, खालचे उत्तम संघ वर. पहिल्याच वर्षी गोव्याचा साळगावकर आणि केरळचा व्हिवा केरळ घसरले. लीग वाढवायची असल्याने २००८ मध्ये द्वितीय श्रेणीतून चार संघ वर घेतले गेले: मुंबई एफसी, कोलकात्याचे चिराग युनायटेड आणि मोहम्मडन स्पोर्टिंग, आणि गोव्याचा वास्को.

या द्वितीय श्रेणीचा विजेता होता मुंबई एफसी. २००७ मध्ये एस्सेल समूहाने हा संघ उभा केला होता, म्हणजे पुरतं वर्षभराचंही वय नव्हतं. प्रशिक्षक होते इंग्लंडचे डेव्हिड बूथ. मुंबईला ते नवे नव्हते, त्याआधी महिंद्रा युनायटेडला त्यांनी शिकवलं होतं. द्वितीय श्रेणीत तेव्हा घर-बाहेर असा लांबलचक हंगाम नसायचा. संघांना गटांत वाटायचं, एका केंद्रावर एकत्र आणायचं आणि थोड्या दिवसांत बरेच सामने उरकायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर वर्षभराचं मूल्यमापन नव्हतं, एकच वार्षिक परीक्षा होती. एक वाईट दिवस आला की वर्ष गेलं.

पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, पुणे एफसीची पाळी आली. अशोक पिरामल समूहाने २००७ मध्येच स्थापन केलेला हा संघ. पुण्यात फुटबॉल नव्हता असं नाही. लष्कर भागात, ढोबरवाडीच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या तो खेळला गेला. पण देशाच्या वरच्या श्रेणीत पुण्याचा क्लब नव्हता. त्या वर्षी पुणे एफसीबरोबर शिलाँग लाजाँग वर आला आणि घसरलेले साळगावकर व व्हिवा केरळ दोघेही परत आले. जिना शाबूत असणं म्हणजे काय, ते इथे दिसतं. एक वर्ष नापास झालेल्या दोन संघांनी पुढच्याच परीक्षेत स्वतःला सोडवून घेतलं.

त्याच वर्षी खाली गेलेल्या दोन संघांत एक होता मोहम्मडन स्पोर्टिंग. हे नाव ऐकलं की माझ्यासारख्याचं लक्ष आपोआप जातं. १८९१ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १९३३ पर्यंत कोलकाता लीगच्या दुसऱ्या श्रेणीत होता. १९३४ मध्ये वर आला आणि पहिल्याच वर्षी लीग जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. १९३८ पर्यंत सलग पाच वेळा त्याने ती जिंकली. १९४० मध्ये मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला. रोव्हर्स कप प्रथम जिंकणारा भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स, १९३७ सालचा. आज ही नावं इतिहासाच्या पुस्तकातही सापडत नाहीत. मला इथे सांगायचा मुद्दा वेगळा आहे. गोऱ्या पलटणींच्या संघांची मक्तेदारी मोडणारा संघ दुसऱ्या श्रेणीतून आला होता. दार बंद असतं, तर १९३४ घडलंच नसतं.

आता २००९-१० चा वरच्या श्रेणीचा हंगाम पाहा. देशभरातून चौदा संघ, त्यांपैकी चार महाराष्ट्राचे: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी आणि पुणे एफसी. नव्याने वर आलेला पुणे एफसी थेट तिसरा आला. आमच्या भागातली चार पोरं तेव्हा सुट्टीच्या दिवशी बालेवाडीला सामने पाहायला जायची, मीही अधूनमधून गेलो. स्टेडियम भलं मोठं आणि माणसं थोडी, पण जी होती ती प्रत्येक पासवर बोलायची. पुढे कूपरेजच्या मैदानाचं काम निघालं, तेव्हा मुंबईचे संघ आपले ‘घरचे’ सामने काही काळ बालेवाडीलाच खेळत. घरच्या सामन्यासाठी घाट चढून यायचं, ही त्या काळातली खास गंमत.

पण गंमत टिकली नाही. २००९-१० चा हंगाम संपता संपता महिंद्रा युनायटेड बंद होणार असल्याचं जाहीर झालं. हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता. त्या विजयाचे प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. चार वर्षांपूर्वीचा विजेता एका निर्णयाने संपला. त्याने कुठलीही लीग हरली नव्हती, तो कुठल्याही श्रेणीत घसरला नव्हता.

मुंबईचाच ओएनजीसी संघ २०१० मध्ये द्वितीय श्रेणीतून वर आला, २०११ मध्ये घसरला, २०१२ मध्ये पुन्हा वर आला. मैदानावर मिळवलेली ही जागा २०१३ मध्ये गेली. क्लब म्हणून परवान्याच्या अटी पूर्ण होत नाहीत या कारणावरून ओएनजीसी आणि एअर इंडिया, दोघांनाही लीगबाहेर ठेवलं गेलं. सरकारी कंपनीचा संघ स्वतंत्र क्लब कसा होणार, हा प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्या संघांत नोकरीच्या आधारावर खेळणाऱ्या मुलांसाठी पर्यायी जिना कुणी बांधला नाही.

याउलट वर यायला एक नवी वाट निघाली होती, पैसे भरून थेट प्रवेशाची. बंगळुरू एफसी २०१३ मध्ये अशा वाटेने आला आणि पहिल्याच हंगामात जिंकला, म्हणून ही वाट सगळ्यांना बरोबर वाटली. २०१४-१५ मध्ये पुण्यात भारत एफसी त्याच वाटेने आला, तळाला राहिला आणि एका हंगामात मिटला. पुण्याचा जुना शिवाजीयन्स क्लब डीएसके समूहाच्या नावाने द्वितीय श्रेणीत खेळत होता. २०१५-१६ मध्ये त्यालाही थेट प्रवेश मिळाला आणि २०१७ मध्ये तोही थांबला. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये तर बढती-घसरणच नव्हती. तिथला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि ती जागा हैदराबादला गेली.

आणि पुणे एफसी? डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली २०१२-१३ मध्ये हा संघ उपविजेता ठरला, २०१४ मध्ये आशियाई स्तरावर एएफसी कप खेळला. २०१४-१५ हा त्याचा शेवटचा हंगाम. पुढे त्याची अकादमी तेवढी विकली गेली. २०१४-१५ मध्ये एकाच वेळी पुण्यात तीन मोठे क्लब होते. पाच वर्षांत त्यांतला एकही उरला नाही.

इथे रशियाचं एक उदाहरण आठवतं. मॉस्कोचा टॉर्पेडो हा झिल मोटार कारखान्याचा संघ. सोव्हिएत काळात तीन वेळा विजेता. नंतर कितीतरी वेळा घसरला, अगदी खालच्या श्रेणींपर्यंत गेला. २०२१-२२ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला, वर्षभरात पुन्हा खाली गेला. त्याचे पाठीराखे हळहळले असतील, पण क्लब आहे, मैदान आहे, पुढचा हंगाम आहे. आपल्याकडे कारखान्यांचे संघ घसरत नाहीत, नाहीसे होतात. घसरण्याला तरी पुढचं वर्ष असतं.

या पडझडीत उरलं काय, तर शिकवणारी माणसं. त्यांत खालिद जमील यांचं नाव आधी घ्यावं लागेल. कुवेतमध्ये जन्मलेले, महिंद्रा, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून खेळलेले, भारताची जर्सी घातलेले. २००९ मध्ये बत्तिसाव्या वर्षी ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. खर्चाला हात आखडता आणि मोठे खेळाडू नाहीत, अशा संघाला त्यांनी सात हंगाम वरच्या श्रेणीत राखलं. त्यांच्या बचावात्मक खेळाला लोक नावं ठेवायचे. मला त्यात शिक्षकाचं गणित दिसतं. वर्गात साठ मुलं, सामान तुटपुंजं, आणि एकही मूल गळू द्यायचं नाही. तिथे आधी पाया राखावा लागतो, नक्षीकाम नंतर.

२०१६ मध्ये त्यांना मुंबई सोडावी लागली. ते मिझोरमच्या ऐझॉल एफसीकडे गेले. ऐझॉलची गोष्ट दुसऱ्या श्रेणीचीच. २०१५ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून वर आला, २०१६ मध्ये घसरला. त्याच सुमारास गोव्याचे तीन क्लब, डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग, महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधात लीगमधून बाहेर पडले. डेम्पोने तर त्याच वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून परतीची जागा मिळवली होती. रिकाम्या जागांमुळे ऐझॉलला पुन्हा घेतलं गेलं. जमील यांच्याबरोबर मुंबई एफसीत खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता तिथे होते. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये लाजाँगशी १-१ बरोबरी साधून ऐझॉलने लीग जिंकली. ३७ गुण, मोहन बागानपेक्षा फक्त एक जास्त. ईशान्येकडचा तो पहिला राष्ट्रीय विजेता. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी वरच्या श्रेणीतून बाहेर फेकला गेला, पुन्हा परतला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. ती बातमी आली तेव्हा ‘तुमचा माणूस’ म्हणून ओळखीच्या काहींनी माझं अभिनंदन केलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी अभिनंदन स्वीकारलं आणि एवढंच म्हटलं, की माणूस माझा खरा, पण मुंबईच्या मैदानांचा आधी. त्यांना तिथे कुणी कोटा दिला नव्हता की पैसे भरून जागा घेतली नव्हती. जे मिळालं ते सात वर्षांच्या तळाकडच्या मेहनतीचं.

मोहम्मडन स्पोर्टिंगचंही पुढचं सांगायला हवं. आय-लीग आता औपचारिकरीत्या देशाची दुसरी श्रेणी झाली आहे आणि तिचा विजेता वर जाऊ लागला आहे. २०२३-२४ मध्ये ती मोहम्मडनने जिंकली, पुन्हा शिलाँगमध्येच, लाजाँगला २-१ ने हरवून. प्रशिक्षक होते आंद्रेई चेर्निशोव, मॉस्कोच्या स्पार्टाकचे जुने बचावपटू. १९३४ नंतर नव्वद वर्षांनी क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीतून वर चढला. पण वर गेल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी २०२५ मध्ये, थकलेल्या पगारामुळे चेर्निशोव पद सोडून गेले आणि संघ तळाला राहिला. जिना हवा हे खरं, पण वर गेल्यावर शिकवणाऱ्याचा पगारही वेळेवर हवा.

महाराष्ट्राचा या दुसऱ्या श्रेणीतला संघ होता मुंबईचा केंकरे एफसी. २०२२-२३ मध्ये तो घसरला. २००९-१० मध्ये वरच्या चौदा संघांत आपले चार होते. आज मुंबई सिटीसारखा एक बलाढ्य क्लब वर आहे, पण त्याच्या खालच्या पायऱ्या रिकाम्या आहेत.

पावसाळ्यात आमच्याकडे कुठल्याही ओल्या पटांगणात मुलं फुटबॉल खेळताना दिसतात. चिखलात खेळायला क्रिकेटपेक्षा हाच खेळ बरा. त्यांतल्या एखाद्याने उद्या विचारलं, की सर, इथून पुढे कुठे खेळायचं, तर २००९ मध्ये माझ्याकडे उत्तर होतं: बालेवाडी, पन्नासेक किलोमीटरवर. त्याच्या वरची पायरीही बोट दाखवून सांगता येत होती. आता मला आधी मुंबईचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर राज्याबाहेरचं. मोठ्या क्लबचे सामने आणून हा प्रश्न सुटणार नाही. पुण्या-मुंबईच्या मधल्या गावांतून एखादा साधा, तळाचा, हरला तरी पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहणारा संघ हवा. त्याला खालिद जमीलांसारखा एखादा चिकट प्रशिक्षक मिळाला, तर ब तुकडीतली पोरं काय करतात ते ऐझॉलने दाखवलं आहे.